अस्वलकांद्याची जुडी

आपली बायको यागोदा गेली हे विंकोला कळलं तेव्हा तो स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला होता.

फेब्रुवारीतला शनिवार होता. ती नेहमीसारखी सकाळी बाजाराला गेली होती. बेल वाजली तेव्हा विंकोला वाटलं, किल्ली विसरली. दार उघडलं तर मांदा उभी. बाजारात पत्र्याच्या छपराखाली शेवटून दुसरं टेबल मांदाचं. पालेभाजी, अंडी, चीज, सगळं यागोदा तिच्याकडूनच घ्यायची, अगदी लग्नाच्या आधीपासून. मांदाच्या हातात यागोदाची चाकांची पिशवी होती. खाली कोबी, मग गाजरं, वर कागदात गुंडाळलेलं चीज, असं सगळं नीट रचलेलं.

"हे काय, तुला हमाल केलं की काय तिने?" विंको हसत म्हणाला. "आणि बाईसाहेब कुठे गप्पा मारत बसल्यात?"

मांदाने डोक्याचा रुमाल सोडला आणि हातात धरला. इतक्या वर्षांत विंकोने तिला रुमालाशिवाय पाहिलं नव्हतं. तिचे केस सगळे पांढरे झालेत हे त्याला तेव्हा दिसलं, आणि मग बाकीचं समजलं.

यागोदा मांदाच्या टेबलापुढेच कोसळली होती. मुळ्याची जुडी घ्यायला हात पुढे केला आणि तशीच खाली बसली, ती उठलीच नाही.

त्यानंतर विंको बाजारात गेला नाही. बाजार पुलापलीकडे, पाच मिनिटांवर. पण त्या छपराकडे नजर गेली तरी तो वाट बदलायचा. तो कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव, डब्यातले मासे, डब्यातल्या शेंगा आणायचा. कधी खायचा, कधी तसंच ठेवून द्यायचा. बायकोच्या मागून पिशवी ओढत तो जन्मभर बाजारात फिरला होता, पण भाजी निवडायला काही शिकला नव्हता. तो बस चालवायचा. गाडी त्याची आणि भाजी तिची, अशी त्यांच्यात वाटणीच होती.

मार्चच्या शेवटी तिहानाचा फोन आला. तिहाना त्यांची एकुलती एक मुलगी. तिचा नवरा जर्मनीत बांधकामावर, आणि ती शेजारच्या गावात एकटी राहून लाकडाच्या वखारीत हिशेब बघायची.

"बाबा, शनिवारी जेवायला येते. आणि डबा फोडून समोर ठेवलास तर उठून जाईन हं."

"नाही फोडत," विंको म्हणाला. "सूप करतो. अस्वलकांद्याचं."

तिहानाने विचारलं, "तुला येतं?"

"त्यात काय आहे? बटाटे, कांदा, साय, आणि शेवटी पानं. तुझी आई करायची तेव्हा मी काय डोळे मिटून बसायचो?"

अस्वलकांदा म्हणजे रानातला पाला. नाव कांद्याचं, वास लसणाचा. थंडी सरली की जंगलात झाडांखाली त्याची रुंद, मऊ पानं वर येतात, आणि पहिल्या पानांचं सूप झालं की त्या घरात वसंत आला असं धरतात. यागोदाने एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

शनिवारी विंको पूल ओलांडून बाजारात शिरला. बाजार भरलेला होता. लाल मुळे, कोवळी कांद्याची पात, पालक, ईस्टरला हॅमबरोबर किसून खायची झणझणीत मुळं. म्हाताऱ्या बायका टेबलांमागे हात चोळत उभ्या होत्या आणि गिऱ्हाइकांना नावाने हाका मारत होत्या. विंको छपराखालून चालत गेला आणि मांदाचं टेबल दिसल्यावर थबकला. टेबलापुढची फरशी पाण्याने धुतलेली, ओली होती. मांदाने त्याला पाहिलं, हात वर केला. तिच्यापुढे हिरव्यागार पानांची टोपली होती.

विंकोने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. त्याचे पाय आपोआप बाजूच्या वाटेला वळले आणि तो छपराबाहेर, गाड्या लावतात तिथे आला. तिथे एक माणूस उभा होता. डोक्यावर शिकारी टोपी, पायाशी केळ्यांचं खोकं, आणि खोक्यात रबरने बांधलेल्या जुड्या. तोंड ओळखीचं नव्हतं.

"घ्या आजोबा, आज सकाळी तोडलाय. दंवसुद्धा वाळलं नाही अजून."

"कुठला आहे?"

"जंगलातला. अस्वलाला विचारून आणलाय."

विंकोने एक पान तोडलं, बोटांत चुरलं आणि नाकाशी नेलं. लसणाचा झणका आला. दुसरं चुरलं. तोच वास. तेवढं तर त्यालाही ठाऊक होतं. वासावरून ओळखायचं.

"दोन जुड्या दे."

"बायको खूश होईल बघा," माणूस म्हणाला. विंकोने पिशवी बंद केली आणि वळला.

सूप चांगलं झालं. बटाटे जरा जास्त गळले, पण रंग आला, वास आला. दीड जुडी चिरून टाकली. सगळं घर त्या वासाने भरून गेलं, तेव्हा विंकोला दोन क्षण वाटलं की मागे वळलं तर यागोदा उभी असेल. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

तिहाना आली, कोट काढला, दारातच उभी राहिली.

"काय गं?"

"काही नाही. वास."

"ये, बस. गरम आहे तोवर खा."

त्याने तिला बशी भरून दिली. मग आठवलं की वाइन तळघरात आहे. जिने उतरून बाटली शोधून वर येईपर्यंत तिहानाची बशी रिकामी झाली होती.

"इतक्यात संपवलंस?"

"अगदी आईसारखं झालंय बाबा," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

"आणखी घे."

"नको. पोट भरलं. तू खा ना. किती वाळलायस बघ."

मग इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. घरी धुणं पडलंय, संध्याकाळी नवऱ्याचा फोन यायचाय, असं सांगून ती लवकरच उठली. खाली तिची गाडी वळेपर्यंत विंको खिडकीत उभा राहिला. मग येऊन बसला. पातेल्यात बरंच उरलं होतं. अन्न टाकलेलं यागोदाला खपत नसे. विंकोने बशी भरली, मग पुन्हा भरली, आणि शेवटी पावाच्या तुकड्याने पातेलं पुसून घेतलं. फेब्रुवारीपासून तो पहिल्यांदा पोटभर जेवला होता.

त्याने भांडी घासली. हात साबणाने दोनदा धुतले, कारण वास जाता जात नव्हता. मग उरलेली अर्धी जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी म्हणून हातात घेतली आणि रबर काढलं.

पानं टेबलावर पसरली. त्यात एक झुपका निराळा होता. तीन पानं एकमेकांना मिठी मारून एकाच बुंध्यातून वर आलेली. बाकीच्या पानांना प्रत्येकी आपला बारीक देठ होता. या तिन्हींना देठच नव्हता. विंकोने झुपका उजेडात धरला. पानं जाड, ताठ, दोन्हीकडून चकचकीत. त्याने एक चुरलं आणि नाकाशी नेलं.

गवताचा वास आला. नुसत्या गवताचा.

त्याने पुन्हा चुरलं. पुन्हा गवत.

कानात यागोदाचा आवाज आला. याच टेबलाशी बसून पानं निवडताना ती दरवर्षी बडबडायची, "एक पान, एक देठ. एक पान, एक देठ." तो वर्तमानपत्र वाचत हूं हूं करायचा. त्याला वाटायचं, ती गुणगुणतेय.

म्राझोवत्स. हे नाव इथे लहान पोरालाही ठाऊक. कुरणात उगवणारं, शरदात जांभळं फूल येणारं विष. वसंतात त्याची नुसती पानं असतात, आणि ती अस्वलकांद्यासारखी दिसतात. दरवर्षी कुठे ना कुठे कुणीतरी फसतं, चार दिवस पेपरात येतं, आणि आपण म्हणतो, कसली मूर्ख माणसं.

विंकोने तिहानाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. वाजत राहिली. तिसऱ्यांदा घाईत भलतंच बटण दाबलं गेलं. पानं कागदात कोंबून तो जिना उतरला, कोट न घालताच. मोतीबिंदू झाल्यावर त्याने गाडी विकून टाकली होती. कुणाकडे जावं हा विचारही त्याने केला नाही. पाय सरळ बाजाराकडे निघाले.

बाजार उठला होता. मांदा रिकाम्या टोपल्या आपल्या व्हॅनमध्ये भरत होती.

"आलास?" त्याला बघून ती म्हणाली. "इतके दिवस तोंड चुकवतोस, सकाळी तर माझ्यासमोरून पळून गेलास. आता काय देऊ, रिकामी टोपली?"

"मांदा, हे बघ."

त्याने कागद टेबलावर उघडला. आपण कुठे उभे आहोत हे त्याला कळत होतं. खाली फरशीकडे त्याने पाहिलं नाही.

मांदाने चष्मा लावला. एक एक पान बोटाने बाजूला सारलं. "हे बरोबर. हे बरोबर. हेही." मग तिचं बोट त्या झुपक्यावर थांबलं, आणि तिचा आवाज बदलला. "हे कुणी दिलं तुला?"

"बाहेर एक माणूस होता. टोपीवाला. खोकं घेऊन."

"अरे देवा! मी इथे दोन पावलांवर टोपली घेऊन उभी, आणि तू खोकेवाल्याकडून घेतलंस?"

"मला इथे उभं राहवेना," विंको म्हणाला.

मांदाने तो झुपका बाकीच्या पानांपासून दूर सारला.

"वास घेतला होता मी," तो म्हणाला. "लसणाचाच होता. दोन पानं चुरली."

"पहिलं पान लसणाचं होतं रे. एकदा बोटं माखली की मग घोड्याची शेपटी चुरलीस तरी लसणाचाच वास येणार. यागोदा दर पानाला ओल्या फडक्याला बोटं पुसायची. कधी पाहिलं नाहीस?"

पाहिलं होतं. टेबलावर ते ओलं फडकं कायम असायचं. ते कशासाठी, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"शिजवल्यावर जातं ना ते? उकळलं होतं मी. चांगलं उकळलं."

"नाही जात. उकळून नाही, सुकवून नाही, कशानेच नाही." मांदा आता हळू बोलत होती, आणि त्यानेच विंको जास्त घाबरला. "चिरलेल्यात किती होती अशी?"

"ठाऊक नाही."

"कोणी खाल्लं?"

"तिहानाने. बशीभर. आणि ती फोन उचलत नाही, मांदा. गाडी चालवत गेलीय, आणि फोन उचलत नाही."

मांदाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि तू? तू खाल्लंस का? खरं सांग. खाल्लं असशील तर आधी तुला इस्पितळात सोडते, मग पोरीकडे जाते."

इस्पितळ टेकडीवर, गावाच्या एका टोकाला. तिहानाच्या गावाचा रस्ता बरोबर दुसऱ्या टोकाकडून, नदीकाठाने.

"नाही," विंको म्हणाला. "मी नाही खाल्लं. भूक नव्हती."

"मग बस गाडीत."

मांदाने जाता जाता इस्पितळाला फोन लावला, स्टिअरिंग एका हाताने धरून. तिकडून सांगितलं, वाट बघू नका, जिने खाल्लं तिला ताबडतोब घेऊन या, आणि पानंही आणा. विंको कागदाची पुडी मांडीवर धरून बसला होता. जन्मभर स्टिअरिंगमागे बसलेला माणूस, आता त्याचे पाय नसलेला ब्रेक दाबत होते.

"मांदा, तिसरा गिअर टाक ना."

"तू पानं ओळखायला शीक, मग मला गिअर शिकव."

तो पुन्हा पुन्हा फोन लावत होता. प्रत्येक वेळी रिंग शेवटपर्यंत वाजायची. प्रत्येक रिंगेला त्याला दिसायचं, तिहाना स्वयंपाकघरात जमिनीवर पडलीय आणि फोन टेबलावर थरथरतोय. रस्त्याकडेला उभी असलेली प्रत्येक गाडी तिची वाटायची.

"त्या डोंगरावरच्या गावातलं जोडपं," तो म्हणाला. "मागे पेपरात आलं होतं ते. त्यांना किती वेळाने..."

"तो विचार करू नकोस."

"तुला माहीत आहे ना? सांग."

मांदाने गिअर बदलला. "पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, पोट बिघडलंय. ओकाऱ्या, जुलाब. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं म्हणून घरीच राहिले. तेच चुकलं. लवकर गेलं तर वाचतात माणसं, विंको. लवकर गेलं तर." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "जेवून किती वेळ झाला?"

"दुपारी जेवलो. म्हणजे, जेवली."

मांदाचं लक्ष रस्त्यावर होतं. समोर ट्रॅक्टर आडवा आला होता आणि ती काच खाली करून त्या ट्रॅक्टरवाल्याच्या आईची चौकशी करत होती. विंकोने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याच्या पोटात काहीतरी पिळवटल्यासारखं झालं आणि सुटलं. भीतीने होतंय, तो स्वतःशी म्हणाला. पोरगी तिकडे कोणत्या अवस्थेत आहे आणि तू आपलं पोट काय धरून बसलायस? नदी बाजूने पळत होती, फुगलेली, मातकट. त्याने देवाला काही द्यायचं कबूल करावं म्हणून डोळे मिटले, पण द्यायला काय उरलंय ते त्याला सुचेना.

तिहाना तिसऱ्या मजल्यावर राहायची. विंको कठड्याला धरून चढला, मांदा त्याच्यामागे धापा टाकत. त्याने बेलवर बोट ठेवलं आणि काढलंच नाही. आत काही हालचाल नाही. त्याने दारावर मुठी मारल्या.

"तिहाना! तिहाना!"

शेजारचं दार उघडलं, एका बाईने डोकं बाहेर काढलं आणि पुन्हा लावून घेतलं. विंकोने कपाळ दाराला टेकलं.

दार उघडलं. तो जवळजवळ आतच पडला.

तिहाना उभी होती, ओले केस, एका हातात केस वाळवायचं यंत्र. "बाबा? काय झालं? मांदामावशी?"

"फोन का उचलत नाहीस!" विंको इतक्या जोरात ओरडला की जिन्यात आवाज घुमला. मुलीवर तो असा कधीच ओरडला नव्हता. "घशात बोट घाल. आत्ता. चल मोरीकडे!"

"अरे पण..."

"म्राझोवत्स होता गं पानांत," मांदा म्हणाली. "कोट घाल. खाली गाडी आहे. सूप खाल्लंस तू, ताबडतोब इस्पितळात जायचं."

तिहानाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती यायला हवी होती. आली ती शरम.

"मी नाही खाल्लं," ती म्हणाली.

"नाही खाल्लं म्हणजे? बशी रिकामी होती. मी पाहिली."

"तू वाइन आणायला खाली गेलास ना, तेव्हा परत पातेल्यात ओतलं. एक चमचा तोंडात घेतला होता, तोही रुमालात काढला. घशाखाली उतरेना बाबा."

"मग अगदी आईसारखं झालंय म्हणालीस ते?"

"झालंच होतं," तिहाना म्हणाली. "म्हणून तर नाही खाता आलं." ती रडायला लागली. "तू एवढं केलंस, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. सॉरी बाबा."

मांदा भिंतीला टेकली आणि घसरत खाली, जिन्याच्या पायरीवर बसली. आधी तिला हसू आलं, मग खोकला, मग रुमालाने डोळे पुसत ती म्हणाली, "वाईट वाटेल! अगं, तुझ्या बापाला वाईट वाटू नये म्हणून नाटक केलंस आणि वाचलीस. कसलं घर आहे हे! एक टोपीवाल्याकडून विष आणतो, दुसरी गोड बोलून पातेल्यात ओतते. यागोदा वरून बघत असेल तर डोकं बडवत असेल." तिने कपाळावर क्रूस काढला. "आणि बरं झालं, यालाही भूक नव्हती."

"बाबा, तू नाही खाल्लंस?" तिहाना म्हणाली. "देवा रे, मी तर तुला आग्रह केला होता. ते सगळं फेकलंस ना?"

"पातेलं घासून ठेवलंय," विंको म्हणाला. ते खोटं नव्हतं.

"ये आत, दोघंही या. कॉफी टाकते. बाबा, बस ना, किती पांढरा पडलायस. मावशी, त्याला बसवा."

ती स्वयंपाकघरात गेली. कपांचा आवाज यायला लागला. मांदा उठून तिच्यामागे गेली आणि मोठमोठ्याने ट्रॅक्टरवाल्याची गोष्ट सांगू लागली. तिहाना हसली. आई गेल्यापासून विंकोने तिचं हसू ऐकलं नव्हतं.

तो खुर्चीच्या काठावर बसला होता. पुन्हा पोटात पीळ आला, या वेळी जास्त वेळ राहिला, आणि तोंडाला पाणी सुटलं. आता घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं, मुलगी धडधाकट होती, तरी पीळ थांबत नव्हता. तिच्या बशीतलं सूप पातेल्यात गेलं होतं, आणि पातेलं त्याने पावाने पुसून घेतलं होतं. मांदाच्या व्हॅनची किल्ली समोर टेबलावर पडली होती. इस्पितळ इथून दूर होतं, विंकोच्या गावाच्या पलीकडच्या टोकाला.

"साखर किती, बाबा?" तिहानाने आतून विचारलं.

त्याने टेबलाला धरून उठायचा प्रयत्न केला. आपण खाल्लंय, तिच्या वाटचंही, हे त्याने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.